रमाबाई आणि त्यांची मनोरमा

वालूरच्या आयाबायांना दुष्काळ काय असतो ते सांगायला नको. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेले, रमाबाई तेव्हा विशीच्या आत होत्या. १८८२ साली नवराही गेला. मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. पुढच्याच वर्षी लेकीला घेऊन बाई इंग्लंडला गेल्या. तिथे मायलेकींनी ख्रिस्ती धर्म घेतला. १८९३मध्ये यावरूनच पुण्यात केवढा गहजब झाला! पालकांनी शारदा सदनातून मुली काढून नेल्या. बाई हटल्या नाहीत. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली आणल्या, पुण्याजवळच्या केडगावात मुक्ती सदनात ठेवल्या. प्रार्थना आणि शिक्षण तर होतंच, शिवाय शेती, विणकाम, छपाईसुद्धा. पोट भरायला हातात काही नको का?

मनोरमा अमेरिकेत शिकून आली आणि आईच्याच कामाला लागली. लग्न केलं नाही. आपल्या परभणीसारखंच तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या गुलबर्ग्यात मायलेकींनी मुलींची शाळा काढली, ती मनोरमाने सांभाळली. १९२१मध्ये चाळिशीतच ती गेली. थकलेल्या रमाबाईंच्या हाती तेव्हा बायबलच्या मराठी भाषांतराचं काम होतं. ते त्यांनी पुरं केलं, आणि ५ एप्रिल १९२२ला त्याही गेल्या.