संत गोन्सालो गार्सिया : एका व्यापाऱ्याला झालेले पाचारण

दरवर्षी ६ फेब्रुवारी रोजी ख्रिस्तसभा नागासाकी येथील २६ हुतात्म्यांचे स्मरण करते. ह्या २६ जणांपैकी एक आपल्या महाराष्ट्राच्या मातीतले होते. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे संतपदाला पोहोचलेले पहिले भारतीय. त्यांच्या क्रुसावरील मरणाविषयी आपण प्रवचनांतून ऐकत आलो आहोत. परंतु त्या मरणाच्या आधी, देव आपल्याला नेमके कोठे बोलावीत आहे हे उमजण्यासाठी त्यांनी जी जवळजवळ १५ वर्षे घालविली, त्यांविषयी आपण क्वचितच बोलतो.

गोंदिया जिल्ह्यातील आपल्या विखुरलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना वसई दूरची वाटते. गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्सप्रेस रात्रभर धावून मुंबईला पोहोचते आणि वसई त्याच्याही पलीकडे, समुद्राच्या काठी. शिवाय संतांचा सण येतो तो फेब्रुवारीत. त्या दिवसांत आपल्या घरांमध्ये वेगळ्याच चिंता असतात. खरेदी केंद्रावर घातलेल्या धानाचा चुकारा कधी मिळणार, बारावीची परीक्षा कशी जाणार, भावाच्या नोकरभरतीचे काय होणार, घेतलेल्या कर्जाचा हप्ता कोठून भरायचा! अशा घरातल्या एखाद्या मुलाच्या वा मुलीच्या मनात धर्मगुरू, ब्रदर किंवा सिस्टर होण्याचा विचार येतो, तेव्हा त्याच्याबरोबर दोन शंकाही येतात. ह्या धकाधकीत देवाचा आवाज ऐकू येईल काय? आणि जो ऐकू येतो आहे, तो देवाचाच आवाज आहे, की घरच्या ताणातून सुटू पाहणाऱ्या माझ्याच मनाचा? संत गोन्सालो ह्यांचे जीवन ह्या दोन्ही शंकांना सामोरे जाते.

वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात आली. त्यानंतर सुमारे २२ वर्षांनी, १५५६ किंवा १५५७ च्या सुमारास, गोन्सालो ह्यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज सैनिक, आई वसईची. किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. तेथेच त्यांना वाचन-लेखन आले, तेथेच प्रार्थनेची गोडी लागली. फादर सेबास्तियन गोन्साल्विस हे त्यांचे मार्गदर्शक होते. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला पोहोचल्यापासून येशूसंघीयांचे कार्य त्या देशात वाढत होते. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास गोन्सालो फादरांसमवेत जपानला निघाले. आईला, गावाला आणि परिचयाच्या भाषेला त्यांनी निरोप दिला. त्या काळी जहाजाच्या अशा प्रवासातून परतण्याची शाश्वती नसे.

जपानमध्ये त्यांनी तेथील भाषा झपाट्याने आत्मसात केली. पुढील आठएक वर्षे ते येशूसंघीयांचे धर्मशिक्षक म्हणून राबले. मुलांना त्यांनी प्रार्थना शिकविल्या, नव्याने श्रद्धेकडे वळणाऱ्यांना धर्मतत्त्वे समजावून दिली, परदेशी धर्मगुरूंच्या वतीने लोकांशी संवाद साधला. लोकांचे त्यांच्यावर प्रेम होते. ह्या सर्व काळात त्यांच्या मनात एकच इच्छा होती, ती म्हणजे येशूसंघात प्रवेश घेऊन आपले जीवन कायमचे देवाला वाहून देण्याची. ही इच्छा त्यांनी वरिष्ठांपुढे मांडली. ती मान्य झाली नाही.

ह्या नकाराचे दुःख आपण हलके लेखू नये. त्या काळी भारतात जन्मलेल्या आणि मिश्र वंशाच्या तरुणांना धर्मसंघांची दारे सहजासहजी उघडत नसत. ज्यांनी श्रद्धा दिली, ज्यांच्यासाठी त्यांनी उमेदीची वर्षे वेचली, त्यांच्याच घरात त्यांना जागा नव्हती. अशा प्रसंगी माणूस कडवट होतो. काही जण ख्रिस्तसभेपासून दूर जातात, तर काहींना वाटते की देवालाच आपण नको आहोत.

गोन्सालो ह्यांनी तसे केले नाही. त्यांनी व्यापार सुरू केला. वरवर पाहता ही पाचारणाची अखेर होती. वसईचा तो ध्येयवेडा मुलगा आता बंदरांमधून मालाची ने-आण करणारा, हिशेब ठेवणारा, तोट्याची धास्ती बाळगणारा व्यापारी झाला होता. समुद्रावरच्या व्यापारात एका वादळात सारे गमावण्याचा धोका असे. रोजच्या विवंचना त्यांनाही होत्या. परंतु बोटीवर, बाजारात आणि वखारीतही त्यांची प्रार्थना सुटली नाही, गरिबांविषयीची कणव आटली नाही आणि मनातली ती पहिली इच्छाही विझली नाही. देवाने संत मत्तयला जकात नाक्यावर गाठले आणि प्रेषितांना मासळीच्या जाळ्यांजवळ. गोन्सालो ह्यांनाही त्याने व्यापाराच्या धामधुमीतच आपल्या जवळ ठेवले.

पुढे जे घडले त्यात ह्या जीवनाचा खरा धडा आहे. गोन्सालो ह्यांचा व्यापार बुडाला नाही. तो भरभराटीस आला. लोक त्यांना ओळखू लागले, पैसा येऊ लागला. आणि नेमक्या त्याच वेळी त्यांना स्पष्ट दिसले की हे सारे हाती असूनही आपले मन येथे नाही. १५८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते मनिला येथे आले. तेथे फ्रान्सिस्कन संघाचे बंधू १५७७ पासून कार्य करीत होते. अनवाणी चालणारे, भिक्षेवर जगणारे, कुष्ठरोग्यांची सेवा करणारे हे बंधू पाहून गोन्सालो ह्यांना आपले घर सापडले. त्यांनी व्यापार सोडला आणि धर्मगुरुपदाची अपेक्षा न धरता साधे ब्रदर म्हणून त्या संघात प्रवेश घेतला.

हरलेला माणूस आसरा शोधतो, त्याला दोष देता येत नाही. परंतु आसरा शोधणे म्हणजे पाचारण नव्हे. गोन्सालो ह्यांनी सोडले ते जमलेले आणि फळलेले जीवन होते. म्हणूनच त्यांचा निर्णय पळवाट ठरला नाही. नकाराच्या क्षणी जी इच्छा कदाचित केवळ तारुण्याचा उत्साह म्हणता आली असती, ती सुबत्तेतही टिकून राहिली, तेव्हा तिची पारख पूर्ण झाली.

त्यांची वाया गेलेली वाटणारी वर्षेही देवाने वाया जाऊ दिली नाहीत. १५९३ मध्ये फिलिपाईन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरांनी जपानचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी ह्यांच्याकडे एक शिष्टमंडळ पाठविले. त्याचे प्रमुख होते फादर पीटर बाप्टिस्ट. परंतु हिदेयोशींच्या दरबारात बोलायचे कोणी? जपानी भाषा आणि जपानी रीतिरिवाज जाणणारे ब्रदर गोन्सालो हेच दुभाषी झाले. धर्मशिक्षक म्हणून मिळविलेली भाषा आणि व्यापारी म्हणून अंगी बाणलेले चातुर्य, दोन्ही आता ख्रिस्ताच्या कामी आले. १५८७ मध्येच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढणाऱ्या हिदेयोशींनी ह्या बंधूंना राहण्याची परवानगी दिली. क्योतो येथे त्यांनी चर्च उभारले आणि ज्यांना कोणी जवळ करीत नसे, अशा कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये सुरू केली.

ऑक्टोबर १५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्यावर लागले. त्यावरून उठलेल्या वादात हिदेयोशींचा संशय बळावला आणि मिशनऱ्यांना पकडण्याचा हुकूम सुटला. डिसेंबरमध्ये ब्रदर गोन्सालो आणि त्यांचे सहकारी नजरकैदेत पडले. जानेवारी १५९७ मध्ये क्योतोत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला आणि भर हिवाळ्यात त्यांना गावोगाव फिरवीत शेकडो किलोमीटर दूर नागासाकीला नेण्यात आले. २४ जण निघाले होते, वाटेत आणखी दोघांची भर पडली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि १७ जपानी प्रापंचिक होते. काही तर अजून मिसरूड न फुटलेली मुले होती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर त्या सर्वांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. गोन्सालो ह्यांचे वय तेव्हा ४० च्या आसपास होते.

त्या टेकडीवर क्षणभर थांबून पाहावे. ज्या संघाने एकदा गोन्सालो ह्यांना प्रवेश नाकारला होता, त्याच संघाचे पॉल मिकी आणि त्यांचे दोन साथी त्याच रांगेत, तशाच क्रुसांवर होते. गोन्सालो ह्यांच्याच संघातील मेक्सिकोचे फेलिपे हेही त्या रांगेत होते. ते एकदा मठ सोडून गेले होते, मनिलात व्यापारात रमले होते आणि मग परत आले होते. नाकारला गेलेला, सोडून जाऊन परतलेला आणि प्रारंभापासून स्थिर राहिलेला, असे तिन्ही प्रकारचे सेवक देवाने एकाच दिवशी आपल्याकडे नेले.

पोप उर्बन आठवे ह्यांनी १६२७ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे ह्यांनी त्या सर्वांना संतपद बहाल केले. मधल्या काळात, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या फौजांनी वसईचा किल्ला जिंकला होता आणि तेथील चर्चे ओस पडली होती. तरी वसईकरांनी आपल्या संताला विसरू दिले नाही. आज गास येथील चर्च आणि वसईतील महाविद्यालय त्यांचे नाव धारण करून आहेत.

आपल्या जिल्ह्यातील तरुण-तरुणींनी ह्या जीवनातून काय घ्यावे? पहिली गोष्ट, ताण आहे म्हणून देव बोलत नाही असे समजू नये. बांधावर, राईस मिलमध्ये, अभ्यासिकेत, रुग्णशय्येशेजारी जेवढी प्रार्थना करता येईल तेवढी करावी. दिवसाच्या अखेरीस पाच मिनिटे शांत बसून, आज कोणत्या क्षणी मनाला खरी शांती लाभली आणि कोणत्या क्षणी ती हरवली, हे प्रभूसमोर पाहावे. संत इग्नेशियस लोयोला ह्यांची ही शिकवण गोन्सालो ह्यांच्या शिक्षकांनी वसईत आणली होती. मन खचलेले असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये, हीही त्यांचीच शिकवण. परीक्षेत नापास झालो म्हणून सेमिनरीकडे धावू नये आणि घरी भांडण झाले म्हणून तो विचार टाकूनही देऊ नये.

दुसरी गोष्ट, ख्रिस्तसभा स्वतःही घाई करीत नाही. १९८३ च्या धर्मविधानानुसार १७ वर्षे पूर्ण होण्याआधी नवशिष्य म्हणून प्रवेश देता येत नाही. नवशिष्यत्वाचा काळ किमान १२ महिन्यांचा असतो. पहिली व्रते ठरावीक मुदतीची, किमान तीन वर्षांची असतात आणि आजन्म व्रतांसाठी २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. फेडता न येणारे कर्ज ज्याच्या डोक्यावर आहे, त्याला नवशिष्य म्हणून घेऊ नये असेही तेथे सांगितले आहे. कर्जाच्या ओझ्याखाली दबलेल्या आपल्या शेतकरी कुटुंबांनी ह्या नियमामागची माया ओळखावी. मागे राहणाऱ्यांच्या डोक्यावर भार टाकून कोणी देवाच्या सेवेस निघावे, हे ख्रिस्तसभेला नको आहे. आधी ऋण फेडायचे असेल, लहान बहिणीचे शिक्षण पुरे करायचे असेल, तर ती वर्षे पाचारणापासून दूर गेलेली वर्षे नव्हेत. गोन्सालो ह्यांच्या व्यापाराच्या वर्षांसारखीच ती पारखीची वर्षे असू शकतात.

तिसरी गोष्ट आम्हा धर्मगुरूंसाठी आणि पालकांसाठी आहे. दार उघडायचे की नाही हे ठरविणारे आपण अनेकदा चुकतो. कोणाची जात, कोणाची बोली, कोणाच्या घरची परिस्थिती पाहून आपण मनातल्या मनात नकार देऊन टाकतो. एकदा नाकारले गेलेले गोन्सालो पुढे ख्रिस्तसभेच्या वेदीवर पुजले गेले, हे आपण विसरू नये.

तेव्हा ज्याच्या मनात हा विचार वारंवार येतो, त्याने तो एकट्याने वाहू नये. आपल्या धर्मग्रामातील धर्मगुरूंशी वा सिस्टरांशी मोकळेपणाने बोलावे, आईवडिलांना विश्वासात घ्यावे आणि तोवर हातातले काम प्रामाणिकपणे करीत राहावे. कोणाला लवकर उत्तर मिळेल, कोणाला १५ वर्षे लागतील आणि कोणाला कळेल की आपले पाचारण संसारातच पवित्र होण्याचे आहे. तेही देवाचेच पाचारण होय.

वसईच्या ह्या सुपुत्राच्या मध्यस्थीने आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक तरुण मनाला धीर, विवेक आणि देवाच्या हाकेला होकार देण्याचे बळ लाभो, हीच प्रभूचरणी प्रार्थना.