डिक लेन

रिचर्ड लेन ऊर्फ डिक 'नाइट ट्रेन' लेन (मृत्यू : २९ जानेवारी २००२) हे अमेरिकन फुटबॉलमधील ख्यातनाम कॉर्नरबॅक होते. १९५२ ते १९६५ या काळात ते नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) लॉस एंजेलस रॅम्स, शिकागो कार्डिनल्स आणि डेट्रॉइट लायन्स या संघांकडून खेळले. पदार्पणाच्या हंगामात त्यांनी प्रतिस्पर्ध्यांनी फेकलेले १४ चेंडू मधल्यामध्ये झेलले. एका हंगामातील हा विक्रम आजही अबाधित आहे.

कॉर्नरबॅकची भूमिका

आक्रमक संघाचा क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि मैदानाच्या कडेने धावणारा रिसीव्हर तो झेलतो. या रिसीव्हरला रोखणे हे बचावफळीतील कॉर्नरबॅकचे मुख्य काम होय. रिसीव्हर कोणत्या वाटेने धावणार हे त्याला आधी ठाऊक नसते. कॉर्नरबॅकने रिसीव्हरला पुरते जखडले, तर क्वार्टरबॅक त्या बाजूला चेंडू फेकण्याचेच टाळतो, आणि या यशाची आकडेवारीत नोंद होत नाही. उलट त्याची एखादी चूक थेट गुण गमावण्यास कारणीभूत ठरते व सर्व प्रेक्षकांच्या नजरेत भरते. त्यामुळे क्वार्टरबॅक व रिसीव्हर यांच्या तुलनेत ही जागा दीर्घकाळ उपेक्षित राहिली. मधल्यामध्ये झेललेला चेंडू, म्हणजे इंटरसेप्शन, हे या खेळाडूच्या कामगिरीचे सर्वांत ठळक मोजमाप राहिले आहे.

प्रारंभिक जीवन

लेन यांचा जन्म १६ एप्रिल रोजी टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे झाला. त्यांचे जन्मवर्ष काही नोंदींत १९२७, तर काहींत १९२८ असे आढळते. सुमारे तीन महिन्यांचे असताना त्यांना कचऱ्यात टाकून देण्यात आले होते. एला लेन या कृष्णवर्णीय विधवेला ते सापडले. तिने आपल्या मुलांसोबत त्यांचाही सांभाळ केला व त्यांना आपले आडनाव दिले. ऑस्टिनमधील शालेय शिक्षणानंतर ते नेब्रास्कातील स्कॉट्सब्लफ ज्युनियर कॉलेजकडून एक हंगाम खेळले. त्यानंतर त्यांनी सुमारे चार वर्षे सैन्यात सेवा केली आणि तेथील संघातूनही फुटबॉल खेळला. सैन्यातून बाहेर पडल्यावर ते लॉस एंजेलसमधील विमान कारखान्यात तेलकट, जड धातूचे पत्रे उचलण्याचे काम करू लागले.

कारकीर्द

१९५२ मध्ये लेन आपल्या खेळाविषयीच्या वृत्तपत्रीय कात्रणांची वही घेऊन रॅम्सच्या कार्यालयात गेले आणि त्यांनी संधी मागितली. त्यांना प्रथम रिसीव्हर म्हणून अजमावण्यात आले. त्या जागेवर टॉम फिअर्स हे नामवंत खेळाडू आधीपासून होते. डावपेच समजून घेण्यासाठी लेन त्यांच्या खोलीवर जात. तेथे 'नाइट ट्रेन' या गाण्याची तबकडी वारंवार वाजत असे. त्यावरून सहकाऱ्यांनी त्यांना हे टोपणनाव दिले. पुढे प्रशिक्षकांनी लेन यांना बचावफळीत हलविले.

त्या हंगामात त्यांनी १२ सामन्यांत १४ इंटरसेप्शन केले. १९५४ मध्ये ते शिकागो कार्डिनल्सकडे गेले आणि १० इंटरसेप्शनसह पुन्हा लीगमध्ये आघाडीवर राहिले. कार्डिनल्सकडून ते प्रसंगी आक्रमणातही उतरत. १९५५ मध्ये त्यांनी एक झेल घेऊन ९८ यार्डांचा टचडाउन केला. १९६० ते १९६५ या काळात ते डेट्रॉइट लायन्सकडून खेळले. कारकिर्दीत त्यांनी एकूण ६८ इंटरसेप्शन केले व प्रो बोलसाठी त्यांची सात वेळा निवड झाली. मात्र लीगचे अजिंक्यपद त्यांना कधीही लाभले नाही.

खेळण्याची शैली

लेन रिसीव्हरपासून मुद्दाम काही पावले मागे राहत. रिसीव्हर मोकळा आहे असे वाटून क्वार्टरबॅक चेंडू फेकत असे, आणि तेवढ्यात लेन वेगाने अंतर कापून चेंडूवर झडप घालीत. उंच देहयष्टी व लांब हात यांचा त्यांना या डावपेचात मोठा उपयोग झाला. त्यांची पकडही तितकीच धसका घेण्याजोगी होती. प्रतिस्पर्ध्याला मानेभोवती हात टाकून पाडण्याची त्यांची पद्धत 'नाइट ट्रेन नेकटाय' म्हणून ओळखली जाई. खेळाडूंना इजा होण्याचा धोका असल्याने अशा पकडीवर पुढे बंदी घालण्यात आली.

वैयक्तिक जीवन व उत्तरायुष्य

१९६३ मध्ये लेन यांचा विवाह सुप्रसिद्ध गायिका डायना वॉशिंग्टन यांच्याशी झाला. त्याच वर्षी १४ डिसेंबर रोजी डेट्रॉइट येथे डायना यांचे आकस्मिक निधन झाले. निवृत्तीनंतर लेन यांनी काही काळ महाविद्यालयीन संघांना प्रशिक्षण दिले. १९७५ पासून १९९२ पर्यंत त्यांनी डेट्रॉइटच्या पोलीस ॲथलेटिक लीगची धुरा सांभाळली. ही संस्था शहरातील मुलांसाठी खेळांचे उपक्रम चालविते. आयुष्याच्या अखेरीस ते ऑस्टिनला परतले व तेथेच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.

सन्मान आणि वारसा

एनएफएलच्या पहिल्या ५० वर्षांतील सर्वोत्तम कॉर्नरबॅक म्हणून १९६९ मध्ये लेन यांची निवड झाली. १९७४ मध्ये त्यांचा प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश करण्यात आला. लीगच्या ७५ व्या आणि १०० व्या वर्धापनदिनानिमित्त निवडलेल्या सर्वकालीन संघांतही त्यांना स्थान मिळाले.

लेन यांच्या काळात १२ सामन्यांचा असलेला हंगाम पुढे १४, १६ व अखेर १७ सामन्यांचा झाला. १९८० मध्ये ओकलंड रेडर्सचे लेस्टर हेज १६ सामन्यांत १३ इंटरसेप्शनपर्यंत पोहोचले, परंतु लेन यांचा विक्रम त्यांनाही गाठता आला नाही.