उपाशी पोरीनं उभारलेलं अन्नछत्र

केडगाव म्हटलं की आपल्या बीडच्या बायकांना नगरजवळचं रेणुकामातेचं केडगाव आठवतं. मी सांगतेय ते केडगाव दुसरं. दौंडहून पुण्याकडे जाताना रेल्वेच्या वाटेवर लागतं ते. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, आजही चालू आहे.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, आणि दानशूर तर विचारू नका! गंगामूळच्या रानात त्यांनी घर केलं. येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूला, शिष्याला जेवू घालायचं, हा नेम. त्यात जमीन गेली, कर्ज झालं आणि तान्ह्या रमेला पाटीत घालून कुटुंब बाहेर पडलं. पुढं वर्षानुवर्षं पायी तीर्थयात्रा. पुराण सांगून मिळालेले पैसेही पुण्य लागावं म्हणून दानातच जायचे.

मग 1870 नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. झाडाचा पाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. आईला खांदा द्यायला पुरेशी माणसं मिळेनात. रमाबाई उंचीनं लहान, म्हणून त्यांनी तिरडी डोक्यावर घेतली. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ बसून राहिले. माझ्या आईनं 72 च्या दुष्काळात खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले. भूक काय असते, हे आपल्याकडं पुस्तकातून कळावं लागत नाही.

पुढचं बरंचसं तुम्हाला माहीत असेल. 1878 मध्ये कलकत्त्यानं त्यांना पंडिता म्हटलं. 1880 मध्ये लग्न, 1882 मध्ये वैधव्य, पदरात मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. त्यावरून महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं! तो वाद अजूनही मिटलेला नाही, आणि मला तो इथं उकरायचा नाही.

मला ओढ लागली ती त्यांच्या देण्याघेण्याची. 1886 मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथं इथल्या विधवांची दशा सांगत गावोगाव फिरल्या. ऐकणाऱ्या बायकांनी मंडळं काढली आणि दरवर्षी प्रत्येकी एक डॉलर द्यायचं कबूल केलं. दहा वर्षांसाठी! मोठ्या देणग्याही आल्या, पण मला हा एकेक डॉलर जास्त मोलाचा वाटतो. आपल्या भिशीसारखंच की हे, फक्त परत घ्यायचं नाही. या आधारावर 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथं शिकलेली एक विधवा म्हणजे गोदूबाई, पुढं धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे.

घेतलेल्या मदतीवर कायम बसून राहणं मात्र रमाबाईंना मान्य नव्हतं. दहा वर्षं सरायच्या आत संस्था आपल्या पायावर उभी राहावी, म्हणून केडगावला जमीन घेऊन फळबाग लावली. बाग पुरती धरते न धरते तोच 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. हाडं वर आलेल्या मुली पाहून त्यांना आपलेच दिवस आठवले असणार. सुमारे तीनशे मुली-बायका त्यांनी आणल्या. एवढ्या जणींना ठेवायचं कुठं? पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून केडगावच्या माळावर झाडाखाली, तंबूत संसार मांडला. 1900 मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या, तेव्हा आकडा दोन हजारांच्या घरात गेला.

दोन हजार तोंडं, बायांनो! आपल्या घरी चार पाहुणे जादा आले तरी डबे उघडून बघतो आपण.

पण या बायका नुसत्या खाऊन बसल्या नाहीत. त्या हातमाग चालवत, घाण्यावर तेल काढत, गाई सांभाळत, छापखान्यात खिळे जुळवत. मनोरमानं अंध मुलींना ब्रेल शिकवलं. समाजानं टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन वेगळं होतं.

वडिलांचा हात सैल, तसाच लेकीचाही. पण वडिलांनी पुण्य मिळावं म्हणून दिलं. रमाबाईंना वाटे, देवानं आपल्याला उपासमारीतून वाचवलं ते फुकट नाही. मिळालंय ते पुढं द्यायचं, तेही परत काही देऊ शकणार नाही अशा बाईला. त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेचं हे मूळ मला वाटतं.

मनोरमानं गुलबर्ग्यालाही शाळा काढली. तेव्हा गुलबर्गा आणि आपलं बीड एकाच निजामी राज्यात होतं. तीच मनोरमा 1921 मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाईंनी तरीही हिब्रू आणि ग्रीकवरून चाललेलं बायबलचं मराठी भाषांतर सोडलं नाही. साध्या बाईला वाचता येईल असं ते हवं होतं. ते काम पुरं करूनच 5 एप्रिल 1922 ला त्यांनी केडगावात डोळे मिटले. पुस्तक छापून निघालं 1924 मध्ये, तेही त्याच छापखान्यातून, तिथल्याच बायकांच्या हातांनी.