चाळिशीतला विद्यार्थी

सरकारी महाविद्यालयातील प्राध्यापकपद, हातखंडा विषय आणि वर्षानुवर्षे उपयोगी पडणारी टिपणे, एवढे लाभले म्हणजे माणसाचे शिकणे बहुधा थांबते. त्याबद्दल कोणी त्याला दोषही देत नाही. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांना हे सारे तिशीच्या आतच लाभले होते. १८९३ साली जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील कुवळे या गावी जन्मलेले मिराशी १९१९ मध्ये नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आले. कालिदासाच्या काव्याचे मर्मज्ञ म्हणून त्यांचा लौकिक झाला. याच शिदोरीवर उरलेली नोकरी सन्मानाने पार पडली असती.

परंतु चाळिशीच्या सुमारास या पंडिताने नव्याने अक्षरे गिरविण्यास आरंभ केला. ताम्रपट आणि शिलालेख यांचे जग काव्याच्या जगाहून निराळे. तेथे छापील पाठ नसतो, टीकाकार मदतीला येत नाही. वाकाटकांच्या ताम्रपटांवरील अक्षरांच्या डोक्यावर चौकोनी पेटीसारखी खूण असते. गंज चढला, पत्रा झिजला, की एक अक्षर दुसऱ्यासारखे दिसू लागते. कागदावर घेतलेल्या शाईच्या ठशाकडे तासन् तास पाहत बसावे, तेव्हा कोठे एखादी रेघ कबूल होते. ज्याला वर्गात कोणी अडवीत नव्हते, त्याने पदोपदी अडण्याचा हा उद्योग आपण होऊन पत्करला, हे विशेष.

या कष्टांतून काय निष्पन्न होते, याचे उदाहरण अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेखाचे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने कोरविलेला तो लेख डॉ. ब्यूलर यांच्यासारख्या श्रेष्ठ विद्वानाने पूर्वीच वाचून प्रसिद्ध केला होता. साहजिकच विषय संपला, असे सर्वांनी मानले होते. १९३९ मध्ये वाशीमला ताम्रपट सापडला आणि त्यात पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र म्हणून सर्वसेनाचे नाव आले. मिराशींनी अजिंठ्याचा झिजलेला लेख पुन्हा तपासला. ब्यूलरांनी जेथे रुद्रसेन वाचले होते तेथे सर्वसेन आहे, हे त्यांनी दाखवून दिले, आणि वत्सगुल्म म्हणजेच वाशीम येथील वाकाटकांची स्वतंत्र शाखा इतिहासात उभी राहिली. येथे त्यांचे जुने काव्याध्ययनही वाया गेले नाही. ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याचा कर्ता सर्वसेन तो हाच राजा, असे त्यांनी प्रतिपादिले.

पुढील प्रवास सनावळीच सांगते. कलचुरि-चेदि संवताच्या लेखांचा दोन भागांतील संग्रह १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. नोकरदार माणूस ज्या वयात निवृत्तिवेतनाच्या हिशेबात असतो, त्या बासष्टाव्या वर्षी. वाकाटकांच्या लेखांचा संग्रह १९६३ मध्ये आला, आणि शिलाहारांचा १९७७ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी. असे ग्रंथ स्फूर्तीच्या भरात लिहून होत नाहीत. प्रत्येक लेखाचा पाठ, भाषांतर, तिथीचे गणित आणि गावांच्या नावांचा शोध ही कामे रोज थोडीथोडी केल्याशिवाय हातावेगळी होत नाहीत. १९४१ ची महामहोपाध्याय ही पदवी आणि १९७५ चे पद्मभूषण, यांपैकी कोणत्याही सन्मानाने या कामात खंड पडू दिला नाही.

त्यांची सर्वच मते टिकली असे मात्र नाही. प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार, हे त्यांचे मत रामटेकजवळील मनसरच्या उत्खननानंतर अनेक संशोधकांना मान्य राहिलेले नाही. पण ब्यूलरांचा पाठ ज्याने दुरुस्त केला, त्याच्या मतांचीही तीच परीक्षा व्हावी, यात वावगे काही नाही. मनसरचा पक्ष मांडणाऱ्यांनाही ताम्रपटांच्या पाठासाठी आज मिराशींचाच संग्रह उघडावा लागतो.

सध्याच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला होता. त्यावर मिराशींनी पुढल्याच वर्षी लिहिले, आणि काही अपरिचित राजांची नावे प्रथमच उजेडात आली. सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्या इतिहासावरील व लेखांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला तो १९८१ मध्ये. तेव्हा ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. ३ एप्रिल १९८५ रोजी ते निवर्तले.