कमरेची गाठ आणि अणूची धूळ

धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेला काचत राहिली, तर त्या जागी कर्करोग होऊ शकतो, हे डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी १९४५ साली जगापुढे मांडले. वाचले तेव्हा मला आजोबांची काळवंडलेली कमर आठवली. नांदेडच्या उन्हातही धोतर आवळूनच नेसायचे ते.

१८९५ चा जन्म, शिक्षण लंडनला. परळचे टाटा रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले, तिथली प्रयोगशाळा यांच्याकडे. ओठात तंबाखू-चुना धरणाऱ्यांच्या जखमाही त्यांनी तपासल्या. आमच्या मराठवाड्याला हे वेगळे सांगायला नको.

पुढे अणुस्फोटांची धूळ दुधातून मुलांच्या हाडांत उतरू लागली. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी किरणोत्साराच्या परिणामांसाठी समिती नेमली. तीत भारतातर्फे खानोलकर होते. अगदी थोडा किरणोत्सारही पुढच्या पिढ्यांना बाधू शकतो, असे १९५८ च्या अहवालाने सांगितले. बँकेत जन्म काढलेल्या मला हे पटकन कळले: उचल एकाची, फेड नातवंडांची.

खानोलकर १९७८ साली गेले. आजोबा मात्र शेवटपर्यंत धोतरच नेसले. गाठ सैल करा म्हणायला तेव्हा घरात कुणाला ठाऊकच नव्हते.