विजयदुर्गचा साहेब आणि स्टोनहेंज

विजयदुर्ग किल्ल्यावर ट्रिप गेली की ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि लॉकियर साहेबांनी १८६८ साली इथूनच हेलियम शोधला, असं ठोकून देतात. मित्रांनो, साहेब खरे, साल चुकीचं. १८६८ मध्ये नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्येच होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट त्यांनी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, तिथूनच घेतला. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी.

जन्म १८३६ चा, गाव रग्बी. डिग्री नाही. युद्धखात्यात कारकुनी आणि घरी दुर्बिणीचा नाद. १८६९ मध्ये ‘नेचर’ साप्ताहिक सुरू केलं आणि पन्नास वर्षं चालवलं.

पण मला ते भावतात स्टोनहेंजमुळे. २१ जूनला सूर्य जास्तीत जास्त उत्तरेकडे सरकून उगवतो. पालीत गच्चीवरून (ढग नसतील तर!) पूर्वेपासून साधारण २५ अंश, स्टोनहेंजला ४०. तिथल्या दगडांचा अक्ष याच उगवतीकडे आहे. आता पृथ्वीच्या आसाचा कल शतकाला सुमारे ४७ आर्कसेकंद कमी होतो, म्हणजे उगवतीची जागाही किंचित पूर्वेकडे सरकते. मग अक्षाचा कोन मोजा, गणित उलटं फिरवा, बांधकामाचं साल हाती! १९०१ मध्ये पेनरोज या वास्तुतज्ज्ञाला घेऊन लॉकियरनी हेच केलं. उत्तर आलं इ.स.पू. १६८०, दोनशे वर्षं मागेपुढे.

कल्पना झकास, पण सर्व्हे करणाऱ्याला घाम फुटेल अशी. सूर्य ‘उगवला’ कधी म्हणायचं? वरची कडा दिसली तेव्हा, की मध्य क्षितिजावर आला तेव्हा? एवढ्या फरकानं उत्तर हजाराहून जास्त वर्षांनी हलतं. त्यात दगडांचा नेमका अक्ष ठरेना, म्हणून त्यांनी लांबच्या सिडबरी टेकडीची रेघ धरली. पुरातत्त्ववाल्यांनी टीका केली, ती रास्तच होती. पुढे कार्बन पद्धतीनं मोठे दगड इ.स.पू. २५०० च्या सुमाराचे ठरले. साहेब आठशे वर्षांनी चुकले. दिशा मात्र बरोबर होती. तो अक्ष उन्हाळ्यातल्या उगवतीवर आणि उलट बाजूनं हिवाळ्यातल्या मावळतीवर आहे, हे आजही मानतात.

लॉकियर मागे हटले नाहीत. १९०६ मध्ये यावर अख्खं पुस्तक काढलं, इतर दगडी वर्तुळंही मोजत फिरले. पंचाहत्तरी उलटल्यावर, १९१२ मध्ये, सिडमथजवळच्या टेकडीवर नवी वेधशाळा उभारायला घेतली. १९२० मध्ये त्याच भागात ते वारले.