सोमेश्वर तिसरा

सोमेश्वर तिसरा (राज्यकाळ: इ.स. ११२६ ते इ.स. ११३८) हा कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा व संस्कृत ग्रंथकार होता. भूलोकमल्ल व सर्वज्ञचक्रवर्ती या बिरुदांनी तो ओळखला जातो. त्याचा मानसोल्लास हा ग्रंथ राजनीती, पाककला, संगीत, वैद्यक अशा अनेक विषयांचा कोश असून, मध्ययुगीन भारतातील हत्तीविषयक ज्ञानाचे ते एक महत्त्वाचे साधन मानले जाते.

घराणे व राज्यकाळ

सोमेश्वर हा विक्रमादित्य सहावा (राज्यकाळ: इ.स. १०७६ ते इ.स. ११२६) याचा पुत्र. कल्याणी ही राजधानी म्हणजे कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. विक्रमादित्याच्या काळात चालुक्यांची सत्ता विदर्भातही पोहोचली होती. हिंगणघाटच्या उत्तरेस, नागपूर येथील सीताबर्डीचा शके १००८ चा शिलालेख त्याच्याच कारकिर्दीतील आहे.

वडिलांकडून मिळालेले विस्तीर्ण राज्य सोमेश्वराला अखंड राखता आले नाही. वेंगीचा प्रदेश चोळांनी परत मिळवला, तर दक्षिणेत होयसळ राजा विष्णुवर्धन स्वतंत्रपणे वागू लागला. सोमेश्वरानंतर त्याचा पुत्र जगदेकमल्ल दुसरा गादीवर आला. राज्यकर्ता म्हणून सोमेश्वराचे यश मर्यादित असले, तरी ग्रंथकार म्हणून त्याचे स्थान मोठे आहे.

ग्रंथरचना

शके १०५१ मध्ये (इ.स. ११२९) रचलेल्या मानसोल्लासाचे अभिलषितार्थचिंतामणी असेही नाव आहे. ग्रंथाचे पाच भाग असून प्रत्येकात वीस अध्याय आहेत; म्हणून भागांना विंशती म्हणतात. संगीतविषयक प्रकरणात मराठी पदरचनेचे नमुने आढळतात, तसेच महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात अशी नोंदही आहे. त्यामुळे मराठी भाषेच्या अभ्यासकांनाही हा ग्रंथ महत्त्वाचा वाटतो. ग. के. श्रीगोंदेकर यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत इ.स. १९२५ ते इ.स. १९६१ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाली. पित्याच्या चरित्रावरील विक्रमांकाभ्युदय हा सोमेश्वराचा दुसरा ग्रंथ अपूर्ण आहे.

हत्तींविषयीचे विवेचन

हत्ती हे त्या काळी सैन्याचे प्रमुख अंग होते. कैदेत हत्तींची वीण कमी होत असल्याने ते रानातूनच धरून आणावे लागत. म्हणून हत्ती कोठे राहतो व कसा वागतो हे जाणणे राजाला आवश्यक होते.

ग्रंथात आठ गजवनांचे वर्णन आहे. कलिंग, दशार्ण, अपरांत (कोकण), सौराष्ट्र व पंचनद (पंजाब) ही त्यांपैकी काही होत. ही परंपरा कौटिल्याच्या अर्थशास्त्राइतकी जुनी असल्याने या सर्व वनांत बाराव्या शतकातही हत्ती होते असे केवळ या यादीवरून ठरवता येत नाही. मात्र आज हत्तीविरहित असलेल्या सौराष्ट्र व पंजाबात ते पूर्वी होते, याची स्मृती तीत टिकून आहे.

स्वभावानुसार हत्तींचे भद्र, मंद, मृग व मिश्र असे प्रकार सांगितले आहेत. हत्ती धरण्याच्या पाच पद्धती दिल्या आहेत. वारीबंधात कळप बंदिस्त जागेत हाकला जाई. वशाबंधात शिकवलेल्या हत्तिणींकरवी नराला भुलवले जाई. प्रौढ नर कळपापासून वेगळा राहतो व माद्यांच्या शोधात फिरतो, या निरीक्षणावर ही दुसरी पद्धत आधारलेली होती. पाठलाग करून धरण्याच्या पद्धतीस अनुगत म्हणत. आपात व अवपात (खड्ड्यात पाडणे) या पद्धतींत हत्ती दगावत असल्याने त्या टाळाव्यात असे ग्रंथकार सांगतो.

गजवाह्याली या अध्यायात मदमत्त हत्ती धावणाऱ्या माणसांचा पाठलाग करतो त्या राजक्रीडेचे वर्णन आहे. धावणाऱ्यांच्या दृष्टीने हा खेळ जिवावरचा होता. मदाची लक्षणे व त्या वेळचे वर्तन यांची बारकाईने केलेली निरीक्षणे या विषयाशी निगडित आहेत. मदावस्थेत डोळा व कान यांमधील ग्रंथीतून स्राव वाहतो आणि रक्तातील टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक पुष्कळ वाढते, असे आधुनिक जीवशास्त्र सांगते. कारण त्या काळी ज्ञात नसले तरी लक्षणे व धोका माहुतांना पूर्ण परिचित होता.

मूल्यमापन

सोमेश्वराच्या ग्रंथातील हत्ती हा प्रामुख्याने राजाच्या उपयोगाचा प्राणी आहे. त्याची निगा, औषधोपचार व शिक्षण यांचा विचार त्याच दृष्टीने झाला आहे. तरीही कमी इजा करणाऱ्या पद्धतीला दिलेले प्राधान्य आणि स्वभावभेदाची जाण ही या विवेचनाची वैशिष्ट्ये ठरतात.

महाराष्ट्रात अलीकडे रानटी हत्ती पुन्हा दिसू लागले आहेत. इ.स. २००२ मध्ये ते कर्नाटकातून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग भागात, म्हणजे प्राचीन अपरांतात आले, इ.स. २०२१ मध्ये एक कळप छत्तीसगडमधून गडचिरोली जिल्ह्यात उतरला. शेतपिकांची नासाडी व जीवितहानी यांमुळे हत्तीचा वावर व वर्तन जाणून घेण्याची गरज आता राजाऐवजी शेतकऱ्याला व वनकर्मचाऱ्याला भासत आहे. त्यामुळे मानसोल्लासातील हत्तीविषयक भागाला इतिहासाइतकेच वन्यजीव अभ्यासाच्या दृष्टीनेही मोल आहे.